दावं

पोलादी शॅकल मीच केलं होतं,
उद्यमनगरात, शिफ्ट सुटल्यावर, जुन्या लेथवर.
आटे असे स्वच्छ की पिन
नुसत्या फुंकरीनं फिरावी.
राजाराम तलावावर पहिल्याच रविवारी
शीड फडफडलं
आणि त्या शॅकलनं भाचीचा,
केतकीचा, पुढचा दात अर्धा नेला.

पुढच्या रविवारी पिन बोटांतून निसटली.
टुप्.
तीन तासांचं काम, आवाज एवढाच.
अस्लम सुकाणूवरून म्हणाला,
लोखंड आहे मिस्त्री, तळाची ओढ असणारच.

मग गोव्याहून दोर मागवला.
राखाडी, करंगळीहून बारीक,
बारा पदरांची वीण, आतून पोकळ.
पोलादाला भारी, म्हणे. पाण्यावर तरंगतो, म्हणे.
मी मायक्रोमीटरवर वाढलेला माणूस,
'म्हणे' हे माप आमच्याकडे नाही.

तरी बसलो.
सुभाषनगरातून चपलेचं दाभण आणलं,
त्याचं टोक ग्राइंडरवर बोथट केलं,
कारण इथं भोक पाडायचं नव्हतं,
धाग्यांना जरा सरकायला सांगून
एक बाजू दुसरीच्या पोटातून न्यायची होती.
झाला फास.
आता दोन टोकांची मिळून एक टपोरी गाठ,
जी फासातून जाईल, पण परत येणार नाही.
पहिली भज्यासारखी झाली.
दुसरी ओढताच सुटली.
तिसरीत कुठलं टोक कुठून आलं तेच विसरलो,
आणि तीस वर्षं सुताएवढी चूक न केलेले हात
मांडीवर ठेवून बसून राहिलो.

लक्ष्मीपुरीत पारूबाई आवळे दोर विकतात.
कासरे, मोरक्या, वेसणी, खिळ्याखिळ्यावर.
त्यांनी माझा गुंता उजेडात धरला.
"दावं हाय की हे. गोव्यास्नं कशाला आणलंस?"
आणि खिळ्यावरचं अंबाडीचं दावं काढून दाखवलं:
एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला गाठ.
"म्हस जेवढं वढंल तेवढं आवळतंय.
ढिली पडली, का बोटानं सुटतंय."
एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत,
माझ्याकडे न बघता
त्यांनी माझी गाठ घातली.
मग दोर अंगठ्यावर घासून थांबल्या.
"लई गुळगुळीत हाय ह्ये. तेल लावल्यागत.
शेपट्या लांब ठेव, आन् आत पुरून टाक."
आणि मग,
"जनावर कसलं हाय तुझं?"
शीड, म्हणालो. नावेचं.
"मारकं हाय?"
वाऱ्यावर आहे.

रात्री वर्कशॉपात चेन पुलीला
साडेतीनशे किलोचं कास्टिंग त्यावर टांगलं.
गाठ कण्हली, इवलीशी झाली,
गप्प झाली.
सकाळी कास्टिंग तिथंच होतं, जमिनीपासून वीतभर वर.
मी मापायला काही घेतलं नाही.

रविवारी उसावरून वारा आला,
गुऱ्हाळाच्या धुराचा वास घेऊन.
शीड पुन्हा फडफडलं,
दोराचा फास केतकीच्या गालावर आपटला
वासराच्या कानासारखा.
ती दात दाखवून हसली, दीड दात.
नंतर एक पाण्यात पडलंच माझ्या हातून.
पडून राहिलं पाण्यावर, निवांत.
अस्लमनं वल्ह्यानं ओढून घेतलं,
काही बोलला नाही. तेवढं बरं केलं.

पारूबाईंनी पैसे घेतले नव्हते.
एक राखाडी दावं मात्र ठेवून घेतलं होतं,
अंबाडीच्या रांगेत, शेवटच्या खिळ्यावर.
परवा गेलो तर खिळा मोकळा.
"गेलं की," म्हणाल्या, "कोण कुठला, नाव न्हाई इचारलं.
म्हस नवी घेतलीया, म्हणत हुता. वढाळ हाय."